निवासी शाळेची वास्तू : डून स्कूलचे उदाहरण

निवासी शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर टोलेजंग इमारत उभी राहते आणि इमारत निधीच्या आकड्यापाशीच आपली पावले अडखळतात. म्हणून देहरादूनच्या डून स्कूलचा परिसर समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. या शाळेचे स्वप्न पाहणारे सतीश रंजन दास १९२८ मध्ये निवर्तले. शाळा सुरू झाली १९३५ मध्ये. तीही नव्या वास्तूत नव्हे, तर वन संशोधन संस्थेने सोडलेल्या चांदबाग परिसरातील जुन्या इमारतीत. पुढे गरजेप्रमाणे भर पडत गेली. सुमारे ७० एकरांत आज वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा व मैदाने आहेत. मुले हैदराबाद, काश्मीर, टाटा, जयपूर, ओबेरॉय अशा 'हाउसां'त राहतात. जेवण मात्र सर्वांचे एकाच भोजनगृहात. 'रोझ बोल' हे खुले नाट्यगृह तर विद्यार्थी-शिक्षकांनी स्वतः राबून उभारले.

ही शाळा सधनांची, हे खरे. पण जुन्या वास्तूत आरंभ, एका पंगतीचे जेवण व मुलांच्या हातांचा सहभाग यांस फार पैसा लागत नाही. रात्री वाचायला निवांत जागा व दिवा असला, तर भाड्याच्या दोन खोल्यांतही वसतिगृह उभे राहते. इमारतीची वाट पाहण्यात मुलांची वर्षे वाया जाऊ नयेत, एवढेच आमचे सांगणे.