संशोधनाचा तासाचा रेट काय?

तासाला साडेबारा डॉलर. न्यूयॉर्कच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांमध्ये पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या मुलांना संशोधन करण्यासाठी हा ‘रेट’ मिळाला, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या असणार. पीएचडी नाही, एमएस्सी नाही, धड पदवीसुद्धा नाही, आणि यांना संशोधनाचे पैसे?

पण हे खरं आहे. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क, म्हणजे तिकडच्या मुलांच्या तोंडी ‘क्युनी’, हिने २०१४मध्ये शहर प्रशासनाच्या पैशातून आपल्या कम्युनिटी कॉलेजांसाठी ‘रिसर्च स्कॉलर्स प्रोग्रॅम’ सुरू केला. योजना अगदी साधी. विद्यार्थ्याने एका प्राध्यापकाच्या हाताखाली वर्षभरात मिळून ४०० तास काम करायचं आणि त्याबद्दल ५,००० डॉलर स्टायपेंड घ्यायचा. भागाकार तुम्हीच करून बघा. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये किमान वेतन होतं तासाला ८ डॉलर. म्हणजे कॉफी शॉपच्या काउंटरवर उभं राहण्यापेक्षा लॅबमध्ये पिपेट धरून बसणं जास्त परवडत होतं. या योजनेची सगळी गंमत या एका आकड्यात आहे, असं मला वाटतं.

कोण शिकतं तिथे?

आपल्याकडे ‘अमेरिकेत शिकायला गेला’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते हार्वर्ड, एमआयटी, गेलाबाजार एखादी स्टेट युनिव्हर्सिटी. कम्युनिटी कॉलेज आपल्या गप्पांत येतच नाही. पहिलं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज १९०१मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला निघालं. आज देशभर अशी हजाराच्या आसपास कॉलेजं आहेत. दोन वर्षांची असोसिएट डिग्री, कमी फी, प्रवेशाला फारशी चाळणी नाही. दोन वर्षांनी वाटलं तर चार वर्षांच्या विद्यापीठात ‘ट्रान्सफर’ घ्यायचा. दिवसा नोकरी करून संध्याकाळी वर्गात येणारे, लहान मुलं सांभाळून शिकणाऱ्या आया, नुकतेच देशात आलेले स्थलांतरित, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारे, असे सगळे इथे एका बाकावर असतात.

आणि इथून माणसं कुठे पोहोचतात? मानवी जनुकसंचाचा आराखडा वाचण्याच्या शर्यतीत सरकारी प्रकल्पाला घाम फोडणारा क्रेग व्हेंटर सुरुवातीला कॉलेज ऑफ सॅन मटेओ या कम्युनिटी कॉलेजात होता. स्पेस शटलची पहिली महिला कमांडर आयलीन कॉलिन्स कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजची. बुद्धी या मुलांकडे असतेच, कमी पडतो तो वेळ आणि पैसा.

संशोधनाची संधी या कॉलेजांपर्यंत पोहोचत नाही, त्याची कारणंही त्याच जातकुळीतली. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा (एनएसएफ) पदवीच्या मुलांसाठीचा ‘आरईयू’ हा कार्यक्रम १९८७पासून चालू आहे. उन्हाळ्यात साधारण दहा आठवडे दुसऱ्या विद्यापीठात जाऊन राहायचं, तिथल्या गटात काम करायचं, स्टायपेंड घ्यायचा. कम्युनिटी कॉलेजच्या मुलांनाही अर्ज करता येतो. कागदावर झकास! पण जिच्या घरी तीन वर्षांचं मूल आहे, किंवा ज्याच्या पगारावर घरभाडं चालतं, त्याने दहा आठवडे दुसऱ्या राज्यात जायचं कसं? सुट्टी संपल्यावर नोकरी तशीच राहील याची हमी कोण देणार? म्हणून संशोधन मुलाच्या घराजवळ, त्याच्याच कॉलेजात आणि सेमिस्टर चालू असताना व्हायला हवं. क्युनीने नेमकं तेच केलं.

सरांना वेळ कुठून मिळणार?

मुलांच्या स्टायपेंडवर बातम्या होतात. प्राध्यापकांच्या तासिकांवर होत नाहीत, आणि खरी गोम तिथेच आहे. कम्युनिटी कॉलेजातला पूर्णवेळ प्राध्यापक एका सेमिस्टरमध्ये साधारण पाच विषय शिकवतो. पेपर तपासणं, मुलांना भेटणं वेगळंच. मोठ्या विद्यापीठात प्रोफेसरांच्या हाताखाली पीएचडीची मुलं असतात. नवख्या पोराला मायक्रोस्कोप कसा लावायचा हे तीच शिकवतात. इथे अशी मधली फळीच नाही. चुकलेला प्रयोग पुन्हा करून घ्यायला सर स्वतः उभे राहणार, तेही बऱ्याचदा सहा वाजल्यानंतर.

त्यामुळे पैसे तीन ठिकाणी लागतात. एक मुलाच्या हातात, दुसरे रसायनं आणि काचेच्या सामानासाठी, आणि तिसरे प्राध्यापकाच्या तासिका कमी करण्यासाठी, म्हणजे त्याच्या जागी एक विषय शिकवायला दुसरा माणूस नेमता येईल. पहिल्या दोन गोष्टींना देणगीदार पटकन तयार होतात, कारण फोटो चांगला येतो. ‘सरांचा एक वर्ग कमी केला’ याचा फोटो कसा काढणार? पण तो वर्ग कमी झाला नाही तर मार्गदर्शन हा निव्वळ सरांचा चांगुलपणा उरतो, आणि चांगुलपणावर दोन-तीन वर्षं निघतात, योजना चालत नाही.

यावर दुसरा उपाय म्हणजे संशोधन थेट वर्गातच आणायचं. न्यूयॉर्क राज्यातल्याच फिंगर लेक्स कम्युनिटी कॉलेजातून एनएसएफच्या अनुदानावर देशभरातल्या कम्युनिटी कॉलेजांचं एक जाळं उभं राहिलं, ते याच विचाराने. निवडक दोघा-चौघांऐवजी अख्ख्या वर्गाने उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नावर काम करायचं. हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटने २००८मध्ये सुरू केलेला ‘सी-फेजेस’ कार्यक्रमही असाच. पहिल्या वर्षाची मुलं मातीचा नमुना आणतात, त्यातून जिवाणूंना मारणारा विषाणू, म्हणजे फेज, वेगळा करतात आणि त्याला स्वतः नाव देतात. काही कम्युनिटी कॉलेजंही यात आहेत.

हे सगळं खेळ वाटत असेल तर एका सडक्या वांग्याची गोष्ट ऐका. दक्षिण आफ्रिकेत दर्बानच्या एका विद्यार्थिनीला अशाच अभ्यासक्रमात कुजलेल्या वांग्यातून एक फेज सापडला. नाव ठेवलं ‘मडी’. तो पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संग्रहात जाऊन पडला. पुढे लंडनमध्ये सिस्टिक फायब्रोसिस असलेली एक किशोरवयीन मुलगी फुप्फुसाच्या प्रत्यारोपणानंतर अशा संसर्गाने आजारी पडली, की कुठलंच अँटिबायोटिक लागू पडेना. तेव्हा तीन फेजचं मिश्रण तिला दिलं गेलं आणि तिची तब्येत सुधारली. त्या तिघांत ‘मडी’ होता. २०१९मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये हे छापून आलं.

अर्थात, सगळं गोड नाही. संशोधन केलेली मुलं कॉलेज सोडत नाहीत, पुढे ट्रान्सफर जास्त घेतात, असं वारंवार सांगितलं जातं. पण मुळात जी मुलं अर्ज करतात ती जरा जास्तच धडपडी असतात, हे विसरून चालत नाही. दुसरं म्हणजे पैसा. २०२५च्या पहिल्या सहामाहीत एनएसएफने हजाराहून अधिक अनुदानं मध्येच रद्द केली आणि त्यात विज्ञान शिक्षणाच्या प्रकल्पांना मोठा फटका बसला. मोठं विद्यापीठ एक अनुदान गेलं तर दुसऱ्या खिशात हात घालू शकतं. कम्युनिटी कॉलेजला मुळात एकच खिसा असतो.

आता आपल्याकडे बघू. २००६पासून राज्यात ‘आविष्कार’ भरतं, त्यात पदवीची मुलंही प्रकल्प मांडतात. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची ‘स्टार कॉलेज’ योजना पदवीच्या विज्ञान विभागांना उपकरणं आणि प्रकल्पांसाठी पैसे देते. ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीच्या वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी २०,००० उन्हाळी संशोधनासाठी असतात, पण ती बारावीच्या बोर्डात पहिल्या एक टक्क्यात आलेल्यांसाठी. नव्या चार वर्षांच्या पदवीत ‘ऑनर्स विथ रिसर्च’ हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. थोडक्यात, आपल्याकडे संशोधन हे बऱ्याचदा बक्षीस असतं. आधी मार्क दाखव, मग टेस्ट ट्यूब मिळेल. फिंगर लेक्सवाले उलट विचार करतात. त्यांच्याकडे टेस्ट ट्यूब आधी मिळते, कारण तिच्यामुळे मूल टिकेल अशी त्यांची आशा असते.

तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी करणारा, सकाळी दुधाच्या गाडीवर आणि दुपारी प्रॅक्टिकलला जाणारा मुलगा यातल्या कुठल्या योजनेत बसतो? ‘आविष्कार’मध्ये तो उतरू शकतो, पण त्यासाठी चार महिने कॉलेजात थांबायचं तर दुधाच्या गाडीचे पैसे कोण देणार, हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. न्यूयॉर्कवाल्यांनी ती ओळ लिहिली होती : ४०० तास, ५,००० डॉलर. तुमचं कॉलेज ‘स्टार कॉलेज’मध्ये आहे का, असेल तर विद्यार्थी प्रकल्पांसाठी यंदा किती रक्कम ठेवली आहे आणि ती कोणाच्या सहीने निघते, हे या आठवड्यात विभागप्रमुखांना विचारून बघा. मॅडम बिझी असतील तर ऑफिसमधल्या क्लार्ककाकांना विचारा, त्यांना बहुतेक माहीत असतं.