एका दिवसाचे फूल

डे-लिली नावाचे एक फूल आहे. ते सकाळी उमलते आणि रात्र सरण्यापूर्वी कोमेजून जाते. त्याच्या हेमेरोकॅलिस या शास्त्रीय नावात ग्रीक भाषेतील 'दिवस' आणि 'सौंदर्य' या अर्थांचे दोन शब्द एकत्र आले आहेत. लिनियस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली आपल्या ग्रंथात ते नाव नोंदवले. चीन, कोरिया व जपान ही या वनस्पतीची मायभूमी होय. चिनी लोक हिच्या कळ्या वाळवून रश्श्यात घालतात.

आता असे समजा, की गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाडा गावी एखाद्या कुटुंबाने परसात हे झाड लावले आणि त्यापासून चार पैसे मिळवण्याचे मनात आणले. त्याने काय विकावे? फुले, असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. झेंडू तसाच विकला जातो. दसऱ्याच्या सकाळी त्याला मागणी असते आणि सायंकाळी उरलेल्या ढिगाकडे कोणी फिरकत नाही. निशिगंधाची छडी तर पाण्यात ठेवली असता काही दिवस टिकते. परंतु डे-लिलीचे फूल सकाळी तोडून बाजारात नेले, तर गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचेपर्यंत त्याचे निम्मे आयुष्य संपलेले असते. म्हणून या झाडाचे फूल विकत नाहीत, झाडच विकतात.

झाडाची घडण पाहिली म्हणजे हे नीट ध्यानात येते. नाव लिली असले, तरी खऱ्या लिलीसारखा खवल्यांचा कंद याला नसतो. जमिनीत जाड, मांसल मुळांचा झुबका असतो व वर लांब पाने पंख्यासारखी समोरासमोर पसरलेली असतात. मधून एक दांडा निघतो. त्यावर अनेक कळ्या असून त्या एकामागून एक उमलतात. फूल एका दिवसाचे खरे, पण झाडाचा बहर काही आठवडे चालतो. दरवर्षी त्याच्या बुडाशी नवे पंखे फुटतात आणि ठोंब वाढत जातो.

हा ठोंब फोडून रोपे करायची. दवनीवाड्याकडे धान हेच मुख्य पीक. बुंध्याशी फुटवे कसे येतात, हे तिकडच्या मुलांना सांगावे लागत नाही. पऱ्हे उपटून रोवणी करणाऱ्या हातांना हे काम सहज साधेल. जोराचा पाऊस ओसरल्यावर ठोंब मुळांसकट खणून काढावा, माती धुवावी आणि प्रत्येक भागाला एक-दोन पंखे व भरपूर मुळे राहतील असे भाग हलक्या हाताने करावे. पाने वीतभर ठेवून छाटावी. नंतर शेणखत मिसळलेल्या वाफ्यात हातभर अंतरावर, बुंधा सुमारे एक इंच मातीखाली राहील अशी रोपे लावावी. धानाला बांधीतले पाणी मानवते. याला ते मुळीच मानवत नाही. पाणी साचले की बुंधा कुजतो, म्हणून वाफा उंच असावा. वैशाखातील उन्हात दुपारी थोडी सावली मिळाल्यास बरे. घरात मांजर असेल, तर मात्र हे झाड तिच्यापासून दूरच ठेवावे. ते मांजरांना विषारी असते.

एका पंख्याचे वर्षात तीन झाले असे धरले, तर तिसऱ्या वर्षाअखेर सत्तावीस होतील. प्रत्यक्षात काही मरतात व काही मंद वाढतात. तरीही घरच्या व्यवसायाला ही वाढ पुरेशी आहे.

बियांपासून रोपे का करू नयेत, असे कोणी विचारील. करता येतात, पण संकरित वाणाच्या बियांपासून आलेले झाड आईसारखे निघत नाही. पिवळ्याच्या पोटी तांबडे येऊ शकते, आणि ते कळण्यास एक-दोन वर्षे वाट पाहावी लागते. नवे वाण याच मार्गाने निर्माण होतात. न्यूयॉर्कच्या वनस्पती-उद्यानातील डॉ. स्टाउट यांनी या कामी आयुष्याची कित्येक वर्षे घालवली व १९३४ साली या फुलांवर ग्रंथ लिहिला. युरोपातील जुना नारिंगी वाण तर बीजच धरत नाही. तो जेथे जेथे पोहोचला, तेथे मनुष्याने तोडलेल्या ठोंबांतूनच पोहोचला. अमेरिकेत १९४६ साली स्थापन झालेल्या संस्थेकडे आज नव्या वाणांची नावे नोंदवली जातात.

यामुळे विक्रेत्यावर एक जबाबदारी येते. बियांचे रोप नामांकित वाणाच्या नावाने विकणे ही फसवणूक होय; गिऱ्हाइकाला ती दोन वर्षांनी, फूल उमलल्यावरच कळते. म्हणून प्रत्येक वाफ्यात नावाची पाटी रोवावी आणि ठोंब फोडताना ती रोपांबरोबरच हलवावी. पाटी हरवली, तर ते रोप केवळ रंग सांगून, कमी किमतीला द्यावे.

मांसल मुळांत ओलावा व अन्न साठलेले असल्यामुळे हे रोप मातीवाचून काही दिवस जगते. माती झाडून, कागदात गुंडाळून ते टपालाने पाठवता येते. गोंदिया हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील मोठे स्थानक असल्याने बाहेरगावच्या बागवानांपर्यंत पोहोचणे अवघड नाही. मात्र प्रत्येक वाणाचा सर्वांत जोमदार ठोंब विक्रीस काढू नये. पुढच्या वर्षीची रोपे त्यापासूनच करावयाची असतात.