पाटीच्या पेटींतील पाणी

दुकानावर झळकणारी प्रकाशित पाटी ही आतां केवळ मुंबई-नागपूरची मिरास राहिलेली नाहीं. आमच्या मंगरूळपीरलाहि औषधांचीं व कापडाचीं दुकानें रात्रीं अशा पाट्यांनीं उजळून निघतात. पत्र्याची पेटी, पुढें ॲक्रिलिकचा दुधी तक्ता व आंत विजेचे दिवे, एवढीच तिची रचना. परंतु एक पावसाळा उलटला कीं निम्मीं अक्षरें विझतात, तक्त्यावर आंतून हिरवट डाग चढतात आणि पत्रा गंजूं लागतो. दिवे निकृष्ट निघाले, असें दुकानदार म्हणतो. पुष्कळदां खरा अपराधी पेटींत सांचलेलें पाणी हाच असतो.

हें पाणी आंत शिरतें कसें? कारागीर तर सांगतो, ‘सर्व फटी बुजविल्या आहेत, थेंबहि जाणार नाहीं.’ त्याचा हेतु चांगला, पण सृष्टिनियम त्याला अनुकूल नाहीं. आठ फूट लांब, तीन फूट उंच व आठ इंच खोल अशी पेटी घ्या. तींत सुमारें 450 लिटर हवा मावते. उन्हानें आंतील हवा 55 अंशांपर्यंत तापली व वळवाच्या सरीनें ती एकदम 25 अंशांवर आली, तर ती आकसून सुमारें 40 लिटरांची जागा रिकामी होते. पेटी खरोखरच हवाबंद असती, तर बाहेरील हवेचा सुमारें दोन टनांचा दाब त्या तक्त्यावर पडला असता. पातळ पत्रा व तक्ता एवढा भार काय सोसणार? कोठें तरी केसाएवढी फट उघडते, आणि नेमकें त्याच वेळीं त्या फटीवरून पावसाचें पाणी वाहत असतें. हवेबरोबर तेंहि आंत ओढलें जातें.

दुसरी वाट दंवाची. थंड पाण्यानें भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम येतो, हें आपण नित्य पाहतों. 30 अंश उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत फार तर 30 ग्रॅम बाष्प राहूं शकतें. 20 अंशांस तें प्रमाण 17 ग्रॅमांवर येतें. उरलेलें बाष्प पाणी होऊन थंड पत्र्यावर बसतें. एका रात्रीचें हें पाणी चमचाभरच असेल. पण पेटी रोज हा श्वास घेते, आणि बाहेर जाण्यास वाट नसली कीं चमच्याचा पेला होतो. जुने नळीदिवे स्वतः तापून पेटी थोडीफार कोरडी ठेवीत. एलईडी दिवे तितके तापत नाहींत. म्हणून ही काळजी आतां अधिक घ्यावी लागते.

तात्पर्य, पेटीला श्वास घेऊं द्यावा, मात्र पाणी पिऊं देऊं नये. वरचा पत्रा उतरता असावा व त्यावर एकहि स्क्रू नसावा. वरचे व बाजूंचे सांधे सिलिकोननें बुजवावे. सिलिकोन घेतांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारें टाळावें, कारण त्यांतील आम्लानें धातु खराब होतो. तळ मात्र बुजवूं नये. तेथें दोन्ही कोपऱ्यांत पेन्सिल जाईल एवढीं भोकें ठेवून त्यांवर बारीक जाळी लावावी. नाहींतर गांधीलमाशी तेथें घर करते. बाजूस, वरच्या अंगाला, खालीं तोंड असलेली झडप ठेवावी, म्हणजे हवा खेळती राहते. वीजतार खालूनच आंत घ्यावी व शिरण्यापूर्वीं तिला झोळ द्यावा. तारेवरून ओघळणारें पाणी त्या झोळावरूनच गळून पडतें. दिव्यांचा वीजपुरवठा करणारा डबा तळावर न ठेवतां वर बसवावा. सिलिका जेलच्या पुड्यांवर भिस्त ठेवूं नये. त्या आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतकेंच पाणी शोषतात, आणि मग निरुपयोगी होतात. आयपी 65 या छापावरहि विसंबूं नये. तो धूळ व पाण्याचा फवारा यांविषयीं बोलतो, आंत धरणाऱ्या दंवाविषयीं नाहीं.

शेवटचा मुद्दा पैशाहून मोठा आहे. ओल्या पेटींतील वीज पत्र्यांत उतरली, तर पावसापासून आडोसा घेण्यास पाटीखालीं उभ्या राहिलेल्या मुलाचा हात त्या पत्र्याला लागणें प्राणघातक ठरूं शकतें. म्हणून पेटीला पक्की भूजोडणी असावी, आणि 30 मिलिॲम्पिअर गळती होतांच प्रवाह तोडणारा स्वयंचलित खटका बसवून घ्यावा. मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं एकदां व दसऱ्याच्या सुमारास एकदां, वीज बंद करून, जाणत्या कारागिराकडून पेटी उघडून पाहावी, भोकें मोकळीं आहेत कीं नाहींत याची खात्री करावी. या कामास अर्धा तास पुरतो. तेवढा वेळ प्रत्येक दुकानदारानें वर्षांतून दोनदां अवश्य काढावा.