देणगी नव्हे, वर्गणी

निर्वासितांच्या शिक्षणासाठी निधी जमवावयाचा म्हटले की करमणुकीचे कार्यक्रम होतात, देणगीदारांची नावे झळकतात आणि उत्साह ओसरतो. पदवीला मात्र तीन-चार वर्षे लागतात. कॅनडातील 'वर्ल्ड युनिव्हर्सिटी सर्व्हिस'ने १९७८ पासून निराळी वाट धरली आहे. तेथे अनेक विद्यापीठांतील विद्यार्थी मतदान करून स्वतःच्याच शुल्कावर अल्पशी वर्गणी बसवून घेतात. तिच्या आधारे केनियातील छावण्यांतून आलेले तरुणही पदवीपर्यंत पोचले. २०१९ साली जगातील निर्वासित तरुणांपैकी अवघे ३ टक्के उच्च शिक्षण घेत होते. २०३० पर्यंत १५ टक्क्यांचे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने ठेवले आहे. एका सायंकाळच्या औदार्याने ते साधणार नाही. ज्यांच्या खिशात थोडेच आहे, त्यांनी ते न चुकता दिले पाहिजे.