मातीचे मोल : जुन्या भांड्यांची पारख, किंमत आणि पडद्यावरचा लिलाव

धानाच्या शेतीवर जगणाऱ्या पूर्व विदर्भातील ज्या गावांत कौलारू घरे अद्याप टिकून आहेत, आणि गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाडा हे त्या टापूतलेच एक गाव, तेथे माळ्यावर किंवा कोठीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वर तपकिरी व खाली पांढरी अशी चिनी मातीची एखादी बरणी, तोंडाला बांधलेल्या दादऱ्यासह, दोन-दोन पिढ्या उभी असलेली आढळते. गृहिणीच्या लेखी तिची किंमत तीत मुरणाऱ्या लोणच्यावरून ठरते. दारावर येणारा भंगारवाला तिच्यासाठी चार पैसे देऊ करतो. आणि मुंबई-पुण्याचा, क्वचित परदेशातला, संग्राहक त्याच जिनसेसाठी भंगारवाल्याच्या कल्पनेत न बसणारी रक्कम मोजावयास सिद्ध होतो. या तीन किमतींमधील अंतर कशामुळे पडते, आणि लिलाव पडद्यावर भरू लागल्यापासून त्या अंतरात कोणता पालट झाला, हे सविस्तर पाहण्याजोगे आहे. या सर्व व्यवहाराचे मर्म माझ्या मते एका सूत्रात सांगता येते : जुन्या भांड्याला मिळणारी किंमत ही त्याच्याविषयी खात्रीने सांगता येणाऱ्या माहितीची किंमत असते; आणि ज्याच्या घरी भांडे असते त्याच्याजवळच ती माहिती बहुधा असते, परंतु ती नोंदून ठेवण्याची तजवीज मात्र कोणी केलेली नसते.

मुंबईच्या कलाशाळेची भांडी

महाराष्ट्रात संग्राह्य ठरलेल्या भांड्यांचा विचार करताना आरंभ मुंबईपासून करावा लागतो. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून जी कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली, तिच्याशी संबंधित असलेले चित्रकलेचे शिक्षक जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी १८७० नंतरच्या दशकात तेथे मृत्तिकापात्रांचे काम उभे केले. सिंधमधील हाला येथील झिलईच्या भांड्यांची जुनी परंपरा त्यांनी आधाराला घेतली. आणि त्याच सुमारास, १८७२ पासून १८८५ पर्यंत, जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली कलाशाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला उतरवीत असल्यामुळे, त्या लेण्यांतील वेलबुट्टी, हंस, हत्ती आणि मानवाकृती या भांड्यांच्या अंगावर अवतरल्या. पुढे टेरी यांनी 'वंडरलँड आर्ट पॉटरी' या नावाने स्वतःचा उद्योग चालविला. सर जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय कलाकौशल्यावरील ग्रंथात या मुंबईच्या भांड्यांची दखल घेतलेली आहे.

लंडनला पाठविलेल्या अजिंठ्याच्या नकलांपैकी पुष्कळशा १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या, त्यामुळे त्या नकलांच्या छायेत रंगविलेल्या भांड्यांना केवळ शोभेच्या वस्तूपेक्षा अधिक अर्थ प्राप्त झाला आहे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, म्हणजे १८७२ मध्ये लोकांस खुल्या झालेल्या आणि १९७५ मध्ये नव्या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या वास्तूत, ही भांडी आजही पाहावयास मिळतात. परंतु त्या काळी बरेचसे उत्पादन साहेबलोकांबरोबर समुद्रापलीकडे गेले, आणि म्हणून या मराठी मुलखातील मातीचे नमुने आज इंग्लंडमधील लिलावांत अधूनमधून पुकारले जातात. बुडावर कलाशाळेचे किंवा टेरी यांच्या उद्योगाचे नाव कोरलेले असेल, तर बोली चढते. तसेच रूप, तोच रंग, परंतु खूण नाही, तर तीच बोली मंदावते. माहितीचे मोल म्हणतात ते हेच.

बुडावरची साक्ष

गावातील घरांत मात्र कलाशाळेची भांडी सहसा नसतात. तेथे असतात त्या कारखान्यांत घडलेल्या बरण्या, कपबश्या आणि थाळ्या. मुंबई-कलकत्ता लोहमार्गावरील जंक्शन म्हणून गोंदियास दोन्ही दिशांनी माल येत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या टापूतल्या घरांत कोणती भांडी संभवतात याचा अदमास बांधता येतो. बंगालमध्ये बेंगाल पॉटरीज, मध्य भारतात ग्वाल्हेर पॉटरीज, तर सौराष्ट्रात मोरबी-वांकानेर-थान येथे परशुराम गणपुले या मराठी उद्योजकाच्या नावाशी निगडित परशुराम पॉटरी वर्क्स, ही या धंद्यातील ठळक नावे. भांडे उलटे करून बूड धुतले, की त्यावरचा शिक्का पहिली साक्ष देतो.

परदेशी मालाच्या बाबतीत ही साक्ष कायद्याने अधिक बळकट केली आहे. अमेरिकेने १८९० चा जकात कायदा करून १८९१ पासून आयात मालावर उत्पादक देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. तेव्हापासून जपानी भांड्यांवर 'निप्पॉन' असे लिहिले जाऊ लागले आणि १९२१ नंतर त्याची जागा 'जपान' या नावाने घेतली. 'ऑक्युपाइड जपान' हा शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या ताबेदारीच्या काळातील मालावर आढळतो. आणि 'चेकोस्लोव्हाकिया' असे ज्यावर छापले आहे ते पात्र १९१८ पूर्वीचे असणे शक्यच नाही, कारण त्यापूर्वी ते राष्ट्रच अस्तित्वात नव्हते. आजोबांच्या लग्नातली म्हणून सांगितलेली कपबशी खरोखर त्या काळची आहे काय, याचा निर्णय पुष्कळदा अशा एका शब्दाने होतो. अर्थात शिक्का खोटाही मारता येतो. म्हणून बुडाच्या न झिललेल्या कडेचा रंग, वर्षानुवर्षे फळीवर सरकल्यामुळे आलेली झीज, आणि झिलईतील बारीक जाळे यांचा मेळ त्या शिक्क्याशी बसतो की नाही, हे पाहणे अगत्याचे असते.

यानंतर प्रकृतीची परीक्षा. अखंड भांडे बोटाने वाजविले असता स्वच्छ नाद देते, तडा गेलेले भद्द वाजते. कडेचा टवका बोट फिरवताच लागतो. आणि जुनी सांधणी, जी साध्या उजेडात नजरेस येत नाही, ती अतिनील दिव्याखाली बहुधा वेगळी चकाकून स्वतःस प्रकट करते. सर्वसाधारण कारखानी भांड्याच्या बाबतीत एक तडा किमतीचा मोठा भाग खाऊन टाकतो, कारण तसेच अखंड भांडे दुसरीकडे मिळू शकते. दुर्मिळ पात्राच्या बाबतीत तोच दोष पुष्कळ सौम्यपणे मोजला जातो.

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत

किंमत ठरविताना नवशिका विक्रेता ज्या ठिकाणी हमखास ठेचकाळतो ते ठिकाण म्हणजे मागितलेली किंमत. कोणीतरी आपल्या बरणीपुढे वीस हजारांचा आकडा लिहिला म्हणून बरणी वीस हजारांची होत नाही. तो केवळ एका माणसाचा मनोरथ असतो. प्रमाण मानावयाचे ते पार पडलेल्या लिलावांचे आकडे, आणि तेही एकाच आकाराच्या, एकाच खुणेच्या व एकाच प्रकृतीच्या भांड्यांचे. त्यातही एक उच्चांकी आकडा घेऊन भागत नाही. न विकता परत गेलेले नगसुद्धा हिशेबात धरावे लागतात. शिवाय लिलावाला किमान दोन उत्सुक माणसे लागतात. ज्या प्रकारच्या भांड्याचे संग्राहक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, तेथे त्यांपैकी एक जण त्या दिवशी गैरहजर राहिला, तर किंमत कोसळते, आणि भांड्याचा त्यात काडीमात्र दोष नसतो.

जगाच्या बाजारातील दोन प्रकरणे या संदर्भात बोधप्रद आहेत. न्यूयॉर्क राज्यात एका घरगुती विक्रीत अवघ्या ३ डॉलरना घेतलेला लहानसा पांढरा वाडगा चीनमधील उत्तर सोंग काळातील, सुमारे हजार वर्षांपूर्वीचा, डिंग पद्धतीचा असल्याचे तज्ज्ञांनी ओळखले, आणि मार्च २०१३ मध्ये सदबीजच्या लिलावात तो सुमारे २२ लाख डॉलरना गेला. वाडगा दोन्ही वेळा तोच होता. मधल्या काळात त्याची ओळख पटली, एवढाच काय तो फरक. दुसरे प्रकरण याच्या उलट. लंडनच्या उपनगरातील एका छोट्या लिलावघरात नोव्हेंबर २०१० मध्ये एका चिनी पुष्पपात्रावर ४ कोटी ३० लाख पौंडांची बोली लागून हातोडा पडला, जगभर वार्ता पसरली, परंतु बोली लावणाऱ्याने रक्कम भरलीच नाही, आणि २०१३ मध्ये ते पात्र खासगी व्यवहारात पुष्कळ कमी किमतीला विकले गेले. हातोडा पडणे म्हणजे रोकड हाती येणे नव्हे, हे विक्रेत्याने मनावर कोरून ठेवावे.

पडद्यावरचा हर्रास

अमेरिकेत पिएर ओमिद्यार यांनी १९९५ मध्ये ज्या लिलाव-व्यवहाराचा पाया घातला तो पुढे ईबे या नावाने जगभर पसरला. भारतात २००० साली सुरू झालेली बाझी डॉट कॉम ही पेढी ईबेने २००४ मध्ये विकत घेतली, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ईबेची भारतीय शाखा बंद झाली. त्याच २००० साली मुंबईत सॅफ्रनआर्टने आंतरजालावरील कलालिलावास आरंभ केला, आणि पुढे अ‍ॅस्टागुरूसारखी घरे त्या मार्गाने आली. या घरांचा मुख्य भर चित्रांवर आणि मौल्यवान वस्तूंवर असतो. साध्या बरणीला तेथे प्रवेश मिळणे कठीण. तिचा व्यवहार समाजमाध्यमांवरील संग्राहकांच्या गटांत, ठराविक मुदतीच्या बोलीने चालतो.

दवनीवाड्याच्या शेतकऱ्यास बोली नवी नाही. बाजार समितीच्या आवारात धानाचा भाव पुकारला जाताना व्यापारी मूठभर धान हातात घेतो, दाणा दाताखाली फोडून पाहतो आणि मगच आकडा उच्चारतो. पडद्यावरच्या लिलावात नेमकी ही मूठ नाहीशी होते. घेणाऱ्यास भांडे वाजविता येत नाही, कडेवर बोट फिरविता येत नाही. विक्रेत्याने जे छायाचित्र घेतले आणि जो मजकूर लिहिला, तेवढ्यावर त्यास विश्वासावे लागते. म्हणून वर्णनाचा प्रामाणिकपणा हा येथे सद्गुण तर आहेच, पण तो किमतीचा प्रत्यक्ष घटकही आहे. पॉल रेझनिक, रिचर्ड झेकहाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जुनी चित्रपत्रे एकदा नावाजलेल्या विक्रेत्याच्या खात्यातून आणि एकदा नव्या, अपरिचित खात्यांतून विकली गेली. नावाजलेल्या विक्रेत्यास घेणारे सरासरी सुमारे ८ टक्के अधिक देण्यास तयार असल्याचे दिसून आले. लौकिकाचे मोल इतक्या स्पष्टपणे क्वचितच मोजले गेले असेल.

लिलावाच्या रीतीविषयी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घेणारा आपली कमाल रक्कम आधीच नोंदवू शकतो, आणि यंत्रणा त्याच्या वतीने प्रतिस्पर्ध्यापेक्षा एक पायरी वर एवढीच बोली चढवीत जाते. अशा पद्धतीत मनातील खरी रक्कम सांगणेच शहाणपणाचे असते, या तत्त्वाची मीमांसा विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये केली, आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जेथे घड्याळाच्या ठोक्याला लिलाव संपतो, तेथे अखेरच्या क्षणी बोली टाकून जिन्नस पटकाविण्याची प्रवृत्ती वाढते. जेथे शेवटच्या बोलीनंतर मुदत काही मिनिटांनी वाढते, तेथे विक्रेत्याचे हित अधिक राखले जाते. राखीव किंमत फार उंच ठेवली तर बोली लावणारे फिरकत नाहीत, मुळीच ठेवली नाही तर भांडे मातीमोल जाण्याचा धोका. आणि लिलावघराची दलाली, खरेदीदाराकडून घेतले जाणारे अधिभार, कर व वाहतूक वजा जाता हाती काय उरते, तीच खरी किंमत. चिनी मातीच्या बाबतीत बांधणीचा खर्च किरकोळ समजू नये : बरणी आत-बाहेर भरून, दुहेरी खोक्यात, झाकण वेगळे गुंडाळून पाठविली नाही, तर सर्व पारख व्यर्थ ठरते.

जे विकू नये

येथवर कारखानी भांड्यांविषयी लिहिले. परंतु वैनगंगेच्या खोऱ्यात जमिनीखाली दुसरेही एक भांडार आहे. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. नागपूर परिसरातील माहुरझरी आणि नायकुंड येथील महापाषाणीय स्थळांवर काळ्या-तांबड्या मृत्तिकापात्रांचे अवशेष मिळाले. अशा प्रदेशात नांगराच्या फाळाला एखादे जुने मडके लागणे मुळीच अशक्य नाही. ते विकावयास काढणे मात्र सर्वथा अनुचित, आणि बेकायदाही. १८७८ च्या निधिविषयक कायद्याने जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक केले आहे. १९७२ चा पुरावशेष व कलानिधी कायदा, जो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला, शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तू पुरावशेष मानतो, तिच्या व्यापारास परवाना आवश्यक ठरवितो आणि खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठविण्यास मनाई करतो. पडद्यावरील बोली परदेशातून आली म्हणून हा निर्बंध शिथिल होत नाही. याच कारणाने टेरी यांच्या काळातील एकाच घडणीच्या दोन पात्रांपैकी लंडनमधल्यास जगाचा बाजार मोकळा असतो, तर मुंबईतल्यास देशातलेच गिऱ्हाईक शोधावे लागते.

मातीतून उपटलेल्या मडक्याची हानी केवळ कायद्यापुरती नसते. ते कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, कोणत्या स्थितीत होते, हे एकदा पुसले गेले की त्याची साक्ष कायमची बुडते. अशा पात्राचे योग्य स्थान १८६३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयासारख्या ठिकाणी, त्याच्या संपूर्ण नोंदीसह, हेच होय.

आधी नोंद, मग बोली

पुण्यात दिनकर केळकर यांनी वाड्यावाड्यांतून आणि खेड्यापाड्यांतून दिवे, अडकित्ते, भांडी अशा नित्य वापराच्या जिनसा गोळा करून जो संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये राज्यशासनास अर्पण केला, त्याने घरगुती वस्तूलाही इतिहास असतो हे महाराष्ट्रास शिकविले. तो धडा आता गावानेच गिरवावयास हवा. दवनीवाड्यासारख्या गावातील शाळेने एक साधी वही घालावी. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरची जुनी भांडी मोजून, बुडावरचा शिक्का उतरवून, उंची, रुंदी, टवके, तडे यांची नोंद करावी. आणि आजीला विचारून ते कोणी, कोणत्या बाजारातून, कोणत्या निमित्ताने आणले, हा मजकूर तिच्याच शब्दांत लिहून घ्यावा. उजेडात घेतलेली चार छायाचित्रे, त्यांतील एक बुडाचे आणि एक दोषाचे, एवढा दस्तऐवज पुरेसा आहे.

ज्यास विकावयाचे त्याने खुशाल विकावे. गरजेच्या वेळी माळ्यावरची बरणी चार पैसे देऊन गेली, तर त्यात गैर काहीच नाही. परंतु नोंद झाल्यानंतरची विक्री आणि नोंद न करता केलेली विक्री यांत केवढा तरी फरक पडतो. पहिलीत घराला रास्त किंमत मिळते, घेणाऱ्यास भांड्याबरोबर त्याची हकीकत मिळते, आणि गावाच्या दप्तरी ती हकीकत शिल्लकही राहते. दुसरीत भंगाराच्या भावाने पैसा येतो आणि घराण्याची एक आठवण निनावी होऊन निघून जाते. बोली लावणारे दूरदूरचे असतील, लिलावाची साधने दर दहा वर्षांनी पालटतील; पण किमतीचा पाया असलेली ही माहिती फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ आहे, आणि ती विचारून घेण्यास त्यांच्या हयातीएवढीच मुदत आहे. म्हणून हे काम यंदाच्या दिवाळीतच, घरे झाडून भांडी खाली उतरविली जातील तेव्हा, हाती घ्यावे.