जोतिबाचा डोंगर कशाने उभा आहे?

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीवर सासनकाठ्या नाचू लागतात, गुलालाने फरशी, भिंती आणि माणसांचे चेहरे एकाच रंगाचे होऊन जातात आणि ‘चांगभलं’च्या गजराने सारा परिसर दुमदुमतो. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे सतरा किलोमीटरवर असलेला हा डोंगर भाविकांच्या दृष्टीने रत्नासुराच्या वधाची साक्ष आहे. भूगोलाच्या अभ्यासकाला तो आणखी एका, त्याहून कितीतरी जुन्या झगड्याची साक्ष देतो. हा झगडा खडक आणि पाणी यांच्यातला असून तो अद्याप संपलेला नाही.

डोंगर म्हणजे जमिनीला आलेला उंचवटा, अशी सर्वसाधारण समजूत असते. जोतिबाच्या बाबतीत ती खरी नाही. हा डोंगर उगवलेला नाही. तो उरलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावरील भेगांतून लाव्हारसाचे लोट वारंवार बाहेर पडले आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. पुढे नद्यानाल्यांनी हे पठार कोरून काढले. कासारी आणि भोगावती यांच्यासारख्या प्रवाहांनी जे वाहून नेले त्याच्या दऱ्या झाल्या आणि जे नेता आले नाही ते पन्हाळा, मसाई पठार आणि जोतिबा या नावांनी मागे राहिले. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून अधिक उंचीचा जोतिबाचा सपाट माथा हा त्या प्राचीन पठाराचाच एक शिल्लक तुकडा होय.

पाण्याची दुहेरी करणी

पाणी खडक फोडते ते केवळ जोराने नव्हे. पावसाचे थेंब हवेतील कर्बवायू शोषून घेतात आणि किंचित आम्ल होऊन खडकाच्या सांध्यांत उतरतात. तेथील खनिजांची हळूहळू चिकणमाती होते. उन्हाने तापणे आणि रात्री निवणे यांमुळे भेगा रुंदावतात, झाडांची मुळे त्यांत पाचर मारतात आणि कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे दगडाचे कवच सुटू लागते. याला विदारण म्हणतात. सुटलेला माल वाहून नेण्याचे काम पाणी नंतर करते. घाटरस्त्याच्या कडेला दिसणारा मुरूम ही या क्रियेची मधली अवस्था आहे आणि पंचगंगेच्या काठची काळी कसदार जमीन ही तिची अखेर. कोल्हापूरचा ऊस झिजलेल्या डोंगरांवरच पोसला जातो, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

परंतु हेच पाणी काही ठिकाणी खडकाला कवचही चढविते. उष्ण, दमट हवेत दीर्घकाळ पाऊस झिरपत राहिला की खडकातील वाळूद्रव्य विरघळून निघून जाते. लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे तेवढी मागे राहतात. त्यांचा लाल, सच्छिद्र जांभा बनतो. तो उघड्यावर पडला की आणखी टणक होतो. पन्हाळा-मसाईच्या माथ्यांवरील असे जांभ्याचे छप्पर खालच्या मऊ थरांचे रक्षण करीत आले आहे. म्हणूनच या भागातील माथे सपाट आणि कडे उभे दिसतात.

दुसरी रत्नागिरी

नावाचा योगायोग असा, की सह्याद्रीपलीकडे सागरतीरावर दुसरी रत्नागिरी आहे आणि तिचे सडेही जांभ्याचेच आहेत. तेथे झिजविणारा हात लाटांचा. लाटा कड्याचा पायथा पोखरतात, आधार सुटला की वरचा जांभा कोसळतो आणि किनारा मागे सरतो. कड्यांच्या अधूनमधून असलेल्या खोलगट भागांत वाळू साचून पुळणी तयार होतात. रत्नागिरीजवळच्या काही पुळणींची काळी वाळू ही याच पाषाणातील लोह आणि टायटॅनियमयुक्त खनिजांची आहे. जोतिबाच्या उतारावरचा गाळ मात्र या जवळच्या समुद्राला मिळत नाही. पंचगंगा आणि कृष्णा यांच्यामार्गे तो पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराची वाट धरतो.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच आहे. कडा कोसळतो तो माथ्याच्या दुबळेपणामुळे क्वचितच; बहुधा पायथा सुटल्यामुळे. किनाऱ्यावर तो लाटा काढून घेतात, डोंगरावर ते काम आता माणूस करू लागला आहे.

जांभ्यातून झिरपलेले पाणी खालच्या चिकणमातीच्या थरापाशी अडते आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. हे झरे म्हणजे डोंगराचे श्वास घेणेच होय. रस्त्यासाठी किंवा बांधकामासाठी उतार उभा कापला, झऱ्यांच्या वाटा भरावाने बुजविल्या की पाणी आतच कोंडते. चिकणमाती निसरडी होते आणि अतिवृष्टीत वरचा भार घसरतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी यांवर तोच प्रसंग ओढवला. प्रत्येक ठिकाणची कारणे तंतोतंत सारखी नव्हती. परंतु उतार, साचलेले पाणी आणि सुटलेली माती यांची गाठ सर्वत्र होती. जुलै २०२१ च्या पावसात पन्हाळ्यावर जाणारा मुख्य रस्ता खचला, तेव्हा हा धोका कोल्हापूरकरांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचला होता.

जोतिबावर लाखो यात्रेकरू येतात. त्यांच्यासाठी रस्ते, वाहनतळ आणि निवारे हवेतच. त्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. मात्र प्रत्येक नवी सोय उभारताना पावसाचे पाणी कोठून उतरणार, हा प्रश्न प्रथम विचारला गेला पाहिजे. नैसर्गिक नाले मोकळे ठेवणे, कापलेल्या उतारातून पाण्याला वाट काढून देणे, गवत आणि झाडोरा राखणे, माथ्यावर सरसकट फरसबंदी न करणे, हे उपाय खर्चाचे कमी आणि दक्षतेचे अधिक आहेत. शाळांच्या सहलींनीही देवदर्शनाबरोबर घाटातील एखादा उघडा पडलेला उतार थांबून पाहावा. पाठ्यपुस्तकातील विदारणाचा धडा तेथे डोळ्यांनी वाचता येतो.

राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये उभारलेले मंदिर तीन शतकांच्या उंबरठ्यावर आहे. मंदिराची डागडुजी करावी लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या डोंगरावर ते उभे आहे त्याचीही निगा राखावी लागते, ही जाणीव अजून व्हावयाची आहे.