मावळा ५४ मिलिमीटरचा, मग दरवाजा केवढा?

दिवाळीच्या किल्ल्यात हे हमखास दिसतं: मावळा दरवाजापेक्षा उंच! इथे माती नाही, स्केल चुकलेलं असतं.

यंदा किल्ल्याखाली लढाईतली गल्लीही करायची? सोलापूरचीच घ्या. मे १८१८ मध्ये मन्रोच्या इंग्रज फौजेने शिड्या लावून आधी पेठ घेतली, काही दिवसांनी भुईकोट पडला. दुकानातले मावळे इथे पेशव्यांचे शिपाई होतील. अशा देखाव्याला डायोरामा म्हणतात.

१. स्केल काढा. मावळा टाचेपासून डोक्यापर्यंत मोजा; खालची पट्टी आणि पगडी सोडून. समजा ५४ मिमी आले. माणूस साधारण १७०० मिमी. १७०० ÷ ५४ = सुमारे ३२. म्हणजे स्केल १:३२.

२. खरं माप घ्या. जुन्या वाड्याच्या दाराला खेटून मित्राला उभं करा आणि अगदी समोरून फोटो काढा. मित्र १६८ सेंमी आणि फोटोत दार त्याच्या सव्वापट असेल, तर दार २१० सेंमी. भागिले ३२, म्हणजे साडेसहा सेंमी.

३. मागचा तट लहान करा. या स्केलने १०० मीटरचा तटही ३ मीटरच्या वर जातो. अंगण पुरणार नाही. तो निम्म्या स्केलने करून मागे ठेवा, लांबचा वाटेल. फक्त त्याच्याजवळ मोठा मावळा ठेवू नका.

४. फोटो काढा. फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीलगत येते आणि गल्ली मावळ्याच्या नजरेतून दिसते. फोकस होत नसेल तर थोडं मागे सरकून झूम करा.

रंग देण्याआधी पुठ्ठ्याचं दार कापून मावळा शेजारी ठेवून बघा. खटकलं, तर पुठ्ठा बदलणं सोपं!